आधीं कांच, मग रंग

घराला रंग द्यावयाचा ठरला म्हणजे आमच्या आजीची पहिली सूचना रंगाऱ्याला नसे. ती घरांतल्या माणसांना असे. देवघरावर धूतवस्त्र टाका, धान्याच्या कोठ्यांचीं तोंडें बांधा, भिंतीवरचें घड्याळ उतरवा, आणि मग त्याला चुन्याची बालदी आंत आणूं द्या, असा तिचा दंडक होता. रंग कोठें लावावयाचा हें सर्वांनाच दिसतें. तो कोठें लागतां कामा नये हें आधीं ठरवावें लागतें, एवढें तिला शाळेंत न जातां कळलें होतें. मला जन्मभर शाळेंत शिकवूनहि तें उशिरां कळलें, आणि मध्यंतरीं माझ्या अज्ञानाचा दंड घरांतल्या एका निरपराध माणसास भरावा लागला. ही हकीकत लिहावी कीं लिहूं नये याचा मीं पुष्कळ विचार केला. परंतु ज्यांच्या दारीं जुनी गाडी आहे, आणि ती एकदां रंगवून घ्यावी असें ज्यांच्या मनांत घोळत आहे, अशा वाचकांस तिचा उपयोग होईल, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितों.

आमचें बिऱ्हाड विठ्ठलवाडीस. कल्याणहून कर्जतकडे जाऊं लागलें म्हणजे हें पहिलेंच स्टेशन. पलीकडे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं तेथें लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींत येऊन राहिले, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस आजचें नांव मिळालें. तरी पत्ता सांगतांना लोक अद्यापि 'कॅम्प नंबर चार' असेंच म्हणतात. आमची गाडी म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, दादांनीं, १९९६ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी, रंग मलईसारखा. २६ जुलै २००५ च्या महापुरांत वालधुनीचें पाणी आमच्या आळींत शिरलें तेव्हां ती दारांच्या कड्यांपर्यंत बुडाली होती. त्या दिवसापासून तिच्या दारांना खालून गंज धरूं लागला. २०११ सालीं दादा गेले, गाडी राहिली. ती विकावी असें कोणी म्हटलें कीं वहिनी उठून आंत जात, म्हणून तो विषय आम्ही काढीनासे झालों.

सन २०१३ च्या वैशाखांत नातवाची मुंज ठरली. भिक्षावळीला मुंजा मुलगा ह्याच गाडींतून निघावा अशी वहिनींची इच्छा, आणि गाडीच्या दारांवर तर गंजाचे नकाशे उठलेले! तेव्हां ती रंगवावयाची ठरली. रंगविणाऱ्यानें हिशेब लिहून दिला. त्यांत पत्र्याचें काम, लांबी, अस्तर आणि रंग यांच्या खालीं 'मास्किंग' म्हणून एक निराळी रक्कम होती. मीं अर्थ विचारला.

"कांचा झांकायच्या, मास्तर. कागद आणि पट्टी."

कागद चिकटविण्याचे पैसे! वर्षानुवर्षें मुलांच्या वह्यांना वेष्टनें घालावयास शिकविणाऱ्या माणसास हें सहन होण्यासारखें नव्हतें. तें काम मी घरींच करून देतों, असें मीं त्यास ठणकावून सांगितलें. त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि ती रक्कम खोडून टाकली.

एक रविवार खर्चून मीं मैद्याची खळ शिजविली, जुनीं वर्तमानपत्रें कांचांच्या मापानें कापलीं, तीं चिकटविलीं, आणि कडांना टेबलाच्या खणांतली पारदर्शक चिकटपट्टी लावली. काम दिसावयास सुबक झालें. "भाऊजी, एवढे पतंग कोणासाठीं?" असें वहिनींनीं हंसून विचारलेंहि.

पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुंचल्यानें दिलेला रंग हात नेईल तेथेंच जातो. फवाऱ्याचा रंग म्हणजे धुकें असतें. तें वाट शोधीत जातें. माझ्या खळीनें ओले झालेले कागद उन्हांत वाळले, आक्रसले, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत त्यांनीं कांच सोडली. पारदर्शक पट्टीचा डिंक थिनरनें मऊ पडला. वर्तमानपत्राचा कागद सच्छिद्र. पातळ रंग त्यांतूनहि झिरपला. कागद काढले तेव्हां काळ्या रबरावर मलईच्या रंगाच्या मिशा उमटल्या होत्या. त्या तरी दिसत होत्या. पुढच्या कांचेवर जो थर बसला होता तो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नव्हता. बोट फिरविलें तर मात्र कांच बारीक वाळू लागल्यासारखी खरखरीत लागे.

मुंज चार दिवसांवर आलेली. मीं कोणास न सांगतां दाढीच्या पात्यानें कांच कोरडीच खरवडली, आणि जेथें पात्याचें चालेना तेथें उरलेला पॉलिशपेपर गोल गोल फिरविला. थर गेला. पाणी ओतून पुसल्यावर कांच लखलखीत दिसूं लागली. ती तिरप्या उन्हांत पाहण्याची बुद्धि मला झाली नाहीं. मुंज थाटांत पार पडली, आणि गाडीच्या तकाकीचें आलेल्या प्रत्येकानें कौतुक केलें.

आषाढांतील एका रात्रीं वहिनींच्या छातींत दुखूं लागलें. बाहेर पावसाची झोड. पुतण्यानें गाडी काढली, मी वहिनींना धरून मागें बसलों, आणि आम्ही कल्याणच्या रस्त्याला लागलों. समोरून एक ट्रक आला. त्याच्या दिव्यांचा झोत कांचेवर पडतांच दिवे दिसेनासे झाले आणि सबंध कांचच दूध सांडल्यासारखी पांढरी झाली. दिवसा उजेड सर्व बाजूंनीं येतो, म्हणून बारीक ओरखडे दिसत नाहींत. रात्रीं एकाच दिशेनें येणारा झोत प्रत्येक ओरखड्याच्या कडेवर फुटतो आणि चोहोंकडे विखुरतो. हें ज्ञान मला नंतर झालें. त्या वेळीं एवढेंच दिसलें कीं, त्या पांढरेपणांतून छत्री धरलेला एक मनुष्य एकाएकीं गाडीपुढें उभा राहिला. पुतण्यानें ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याची छत्री पडली. देवाच्या दयेनें तो पडला नाहीं.

वहिनींचें दुखणें पित्ताचें निघालें, आणि पहांटे आम्ही घरीं आलों. पायऱ्या चढतांना वहिनी मुलाला म्हणाल्या, "तुझें लक्ष नव्हतें. तुझ्या वडिलांनीं इतकीं वर्षें ही गाडी चालविली, कधीं असें झालें नाहीं. आजपासून रात्रीं हिला हात लावावयाचा नाहीं."

तो एवढेंच बोलला, "मला दिसलें नाहीं, आई."

सकाळीं पाऊस उघडला तेव्हां मी खालीं जाऊन कांचेपाशीं उभा राहिलों. कोंवळें ऊन तिरपें पडलें होतें, आणि कांचभर कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें उठलीं होतीं. एकांत एक, माझ्याच हाताचीं. पुतण्या मागून आला. मी म्हणालों, "वायपरचें रबर झिजलेलें दिसतें. त्यानें कांच खराब केली. बदलून टाक." कांच बदलली गेली. वहिनींचा हुकूम तेवढा बदलला नाहीं. त्यानंतर रात्रींचें कोठें जावयाचें झालें तर पुतण्या रिक्षा आणी. गाडी दारांत असतां रिक्षा कशाला, असें कोणी विचारलें तर तो हंसून विषय टाळी. मी ऐकत असें, आणि गप्प बसत असें.

गेल्या दिवाळीनंतर गाडी दुसऱ्यांदा रंगवावयास काढली. पावसाळी हवेंत कांच आणि रबर दमट राहतात, त्यांवर पट्टी धरत नाहीं. म्हणून कोरडे दिवस पाहिले. रंग तोच ठेवला, कारण नोंदणीपुस्तकांत गाडीच्या रंगाची नोंद असते आणि उगाच कागदपत्रांचा घोळ नको. उल्हासनगरच्या एका गल्लींतील वृद्ध उस्तादाकडे काम सोंपविलें. हिशेबांत 'मास्किंग'ची रक्कम पाहिली. या वेळीं मीं ती मुकाट्यानें मान्य केली, आणि एक स्टूल घेऊन दोन दिवस पाहत बसलों.

पहिल्या दिवशीं उस्तादानें रंगाच्या डब्याचें झांकणहि उघडलें नाहीं. गंजका पत्रा ग्राइंडरनें घांसण्यापूर्वीं त्यानें सर्व कांचांवर ओलें गोणपाट टाकलें. "ठिणगी कांचेंत रुतून बसते, गुरुजी. मग ब्रह्मदेव आला तरी ती निघत नाहीं." घांसणें आणि लांबी झाल्यावर कांचा साबणाच्या पाण्यानें धुतल्या, कोरड्या केल्या, आणि स्पिरिटचा बोळा त्यांच्या कडांवरून व रबरावरून फिरविला. तेल, मेण किंवा धूळ जेथें असेल तेथें पट्टी नुसती टेकते, चिकटत नाहीं.

पद्मिनीची पुढची आणि मागची कांच जाड रबराच्या चौकटींत बसविलेली असते, आणि त्या रबराचा कांठ ओठासारखा पत्र्यावर टेकतो. पट्टी त्या ओठापर्यंतच लावली तर रंगाची कड तेथेंच संपते. पुढें पाणी शिरून नेमका तेथूनच पापुद्रा सुटूं लागतो. सर्वांत उत्तम उपाय कांचच काढून ठेवण्याचा. पण जुनें रबर कडक झालेलें असतें आणि काढतांना तुटतें. यावर उस्तादाची युक्ति पाहण्यासारखी होती. त्यानें नायलॉनची एक दोरी घेतली, बोथट लांकडी पट्टीनें रबराचा ओठ उचलीत उचलीत ती त्याखालीं चारी बाजूंनीं बसविली. ओठ पत्र्यापासून वर उभा राहिला. मग चिकटपट्टी त्या ओठावर लावली. आतां रंग ओठाखालपर्यंत जाणार, आणि काम झाल्यावर दोरी ओढून काढली कीं रबर खालीं बसून सांधा झांकला जाणार!

पट्टी लावतांना त्यानें ती कोठेंहि ताणली नाहीं. ताणलेली पट्टी मागें येते आणि वळणावर उठते. वळणांवर त्यानें लहान लहान तुकडे जोडले आणि प्रत्येक तुकडा नखानें दाबून बसविला. दारांच्या पुढच्या त्रिकोणी कांचांना तर पाव तास लागला. कागद वर्तमानपत्राचा नव्हता, जाड तपकिरी होता. तो खालून वर लावीत नेला, म्हणजे कौलांप्रमाणें वरचा कागद खालच्यावर येतो आणि सांध्यांत कांहीं शिरत नाहीं; सांधेहि पुन्हां पट्टीनें बंद केले. मीं वेळ मोजीत होतों तें त्याच्या ध्यानांत आलें.

"रंग मारायला दीड तास लागतो, गुरुजी. झांकायला दिवस जातो. लोक पैसे दीड तासाचे देतात."

मीं मान खालीं घातली.

त्याच्या हातांतील पिवळसर, सुरकुतलेल्या कागदी पट्टीचा इतिहासहि मोठा मजेचा आहे. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत फवाऱ्यानें देण्याचे, झटपट वाळणारे रंग आले आणि दुरंगी मोटारींची हौस सुटली. दोन रंगांमधील रेषा सरळ यावयाची तर एक भाग झांकला पाहिजे. तेथील रंगारी जाड कागद आणि वर्तमानपत्रें खळीनें चिकटवीत, किंवा डॉक्टरी पट्टी लावीत, आणि ती काढतांना ताजा रंगच सोलून निघे. सेंट पॉल शहरांत पॉलिशपेपर तयार करणारी थ्री-एम नांवाची कंपनी होती; तिचा रिचर्ड ड्रू हा तरुण नोकर पॉलिशपेपरचे नमुने घेऊन अशा कारखान्यांत गेला असतां रंगाऱ्यांचा हा वैताग त्याच्या कानीं पडला. त्यानें प्रयोग केले आणि १९२५ सालीं चुण्या पाडलेल्या कागदाची, चिकटेल पण ओढतांच सुटेल अशी पट्टी सिद्ध केली. कागदाला चुण्या असतात म्हणूनच ती वळणावर वळते. पुढें १९३० सालीं पारदर्शक पट्टी काढली तीहि त्याच गृहस्थानें; पण ती वेष्टनें बंद करण्यासाठीं. म्हणजे जी रीत जगानें १९२५ सालीं टाकून दिली ती मीं २०१३ सालीं विठ्ठलवाडीस पुन्हां सुरू केली, आणि वर त्याच माणसाची पट्टी भलत्या जागीं लावली!

आपल्या मुंबईची टॅक्सीहि दुरंगीच; अंग काळें, टप पिवळा. उस्तादानें आपली विद्या ह्याच टॅक्सींवर घोटली होती. काळ्यावर पिवळ्याचा एक थेंब गेला तर मालक मजुरी कापीत, असें तो सांगे. त्या टॅक्सी बहुतेक पद्मिनीच असत. त्यांतली शेवटची २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून नाहींशी झाली. तेव्हां आमची गाडी पाहून उस्तादाला जुना स्नेही भेटल्यासारखें झालें यांत नवल नाहीं.

स्टुलावर बसल्या बसल्या मला व्याकरणांतील उत्सर्ग आणि अपवाद आठवले. सामान्य नियम तो उत्सर्ग, आणि त्यास बाध आणणारा विशेष नियम तो अपवाद. वैयाकरणांचा क्रम असा कीं, अपवादाचीं स्थळें आधीं निश्चित करून बाजूस काढावीं, आणि उरलेल्या प्रदेशांत उत्सर्गाला मोकळें सोडावें. फवारा हा उत्सर्ग आहे. तो स्वतः भेद करीत नाहीं. कोठें थांबावयाचें तें त्याच्यासाठीं आधीं कोणीतरी लिहून ठेवलें पाहिजे. मीं हें मुलांना कितीदां तरी शिकविलें होतें! आणि आपण पंकप्रक्षालनन्याय ज्यास म्हणतों, कीं चिखल लावून घेऊन धुवीत बसण्यापेक्षां तो न लागूं देणें बरें, तोहि मीं मुलांनाच शिकविला होता.

रंगाच्या दिवशीं उस्तादानें तोंडाला गाळणीचा मुखवटा बांधला आणि आम्हांस लांब बसविलें. हल्लींच्या दोन भाग मिसळून देण्याच्या रंगाची वाफ छातीला अपाय करते. शेवटचा हात बोटाला लागेनासा झाला, पण पुरता कडक झाला नाहीं, अशा वेळीं त्यानें पट्ट्या काढावयास घेतल्या. पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून, रंगाच्या कडेपासून दूर, सावकाश ओढावयाची. ती उन्हांत दिवसच्या दिवस राहूं दिली तर डिंक भाजून कांचेलाच चिकटून बसतो. मग रॉकेलचा बोळा आणि साबणाचें पाणी यांवांचून गति नाहीं. मागच्या कांचेवर रंगाचा एक ठिपका गेला होता. उस्तादानें त्यावर साबणाचें पाणी भरपूर ओतलें, नवें पातें घेतलें, तें कांचेवर जवळजवळ आडवें धरलें आणि ठिपका अलगद उचलला. "कोरड्या कांचेला पातें लावायचं नाहीं. आंतून काळी फिल्म किंवा तापणाऱ्या तारा असतील तर त्या बाजूला मुळींच नाहीं. आणि पॉलिशपेपर तर कधींच नाहीं. तें बघा!"

अंगणाच्या भिंतीशीं कोणाच्या तरी गाडीची एक टाकून दिलेली कांच उभी होती. "कोणा शहाण्यानं पेपर मारला हिच्यावर. गोल ओरखडे दिसले कीं समजावं, पेपर. वायपरचे ओरखडे कमानीसारखे असतात."

पुतण्या माझ्या शेजारींच उभा होता. मीं त्याच्याकडे पाहिलें. त्याला आश्चर्य वाटलेलें दिसलें नाहीं. त्यानें फक्त मान दुसरीकडे वळविली.

त्या रात्रीं जेवतांना, सर्वजण पानावर असतां, मीं वहिनींना सर्व सांगितलें: खळ, वर्तमानपत्रें, पॉलिशपेपर आणि वायपरवर घातलेला आळ. सांगावयास पांच मिनिटें लागलीं. वहिनींच्या हातांतील पळी आमटींत तशीच राहिली. बऱ्याच वेळानें त्या मुलाकडे वळल्या.

"तुला ठाऊक होतें?"

"कांच बदलणाऱ्यानें तेव्हांच दाखविलें होतें."

"मग बोलला कां नाहींस?"

"काकांनीं वायपर म्हटलें होतें ना."

मला पुढचा घांस उतरेना. वहिनी मला कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं सर्वांस ताक वाढलें, हात धुतले, दादांच्या तसबिरीखालच्या खुंटीवरून गाडीची किल्ली काढली आणि ती मुलाच्या ताटाशेजारीं ठेवली.

पुढच्या सोमवारीं आम्ही अंबरनाथच्या शिवालयास गेलों. शके ९८२ चा शिलालेख असलेलें तें काळ्या पाषाणाचें मंदिर वहिनींना फार प्रिय. दर्शन होऊन निघतां निघतां अंधार पडला. वहिनी आपण होऊन पुढें, मुलाच्या शेजारीं बसल्या, मी मागें. रस्त्यावर वर्दळ बरीच होती. एका वळणावर समोरून ट्रक आला, आणि मीं नकळत पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली. ट्रकचे दिवे दोनच दिसले, वाटोळे आणि स्वच्छ. ते बाजूनें निघून गेले. वहिनींनीं मुलाला विचारलें, "घरीं दूध आहे का रे, कीं वाटेंत घ्यावयाचें?"